बचाव हेलिकॉप्टर : पैसे उडण्याचे की सज्ज राहण्याचे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकबंधूंनी असे मत मांडले होते की, शोध व बचावकार्याची हेलिकॉप्टर सेवा सरकारने स्वतःकडे न ठेवता खासगी कंपन्यांकडे सोपवावी. ब्रिटनने २०१५ साली हे काम हवाई दल आणि नौदल यांच्याकडून काढून कंपनीला दिले, ते तिथे उत्तम चालले आहे आणि सरकारी तिजोरीचा भारही हलका झाला, असा दाखला त्यांनी दिला होता. त्यांची कळकळ मला मान्य आहे. सरकारी दिरंगाईबद्दल त्यांनी जे लिहिले तेही नाकारण्यासारखे नाही. परंतु ब्रिटनचे उदाहरण त्यांनी अर्धेच सांगितले, आणि राहिलेल्या अर्ध्यातच खरी गोष्ट आहे, असे मला वाटते.

मी एकोणतीस वर्षे मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात एका कंत्राटदाराकडे नोकरी केली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. त्यांतली शेवटची अकरा वर्षे हेलिडेकवर (प्लॅटफॉर्मवरच्या हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागेवर) उतरणाऱ्या हेलिकॉप्टरांची व्यवस्था पाहणे हेच माझे काम होते. मी वैमानिक नाही आणि अर्थतज्ज्ञही नाही; पण हेलिकॉप्टरची वाट पाहण्याचा अनुभव माझ्याइतका फार थोड्यांना असेल. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी एक गैरसमज दूर करतो. किनाऱ्यावरून तेलविहिरीच्या रिगवर माणसांची ने-आण करणारे हेलिकॉप्टर आणि बचावाचे हेलिकॉप्टर बाहेरून एकसारखे दिसले, तरी ती दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला उतरायला पांढऱ्या रंगात ‘एच’ लिहिलेली, जाळी पसरलेली, अडथळ्यांपासून मोकळी ठेवलेली जागा मिळते. दुसऱ्याला बहुतेक वेळा उतरायला जागाच नसते. त्याला हलणाऱ्या बोटीच्या डोलकाठीपासून अंतर राखत हवेत एका जागी थांबायचे असते, आणि तेही बहुधा रात्री किंवा वाऱ्यापावसात. विंच (दोर खाली-वर करणारे यंत्र) चालवणारा माणूस दारात पालथा पडून वैमानिकाला ‘दोन फूट पुढे, एक फूट डावीकडे’ असे सांगत असतो, कारण वैमानिकाला स्वतःच्या पोटाखाली काय चालले आहे ते दिसत नाही. दोरावरून खाली जाणारा तिसरा माणूस पाण्यात उतरू शकला पाहिजे आणि त्याला प्रथमोपचारही यायला हवेत. हे सगळे वर्गात बसून येत नाही. महिन्याला ठरावीक तास सराव केला तरच ते अंगात राहते, आणि त्या सरावाच्या तासांत एकही माणूस वाचवला जात नाही. हिशेब ठेवणाऱ्याच्या लेखी ते तास निव्वळ तोट्याचे असतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या पुरवठा बोटीवर एका खलाशाचा पाय तारेच्या दोरात सापडून चेंगरला होता. तटरक्षक दलाचे छोटे चेतक हेलिकॉप्टर आले. वरून हुक खाली येऊ लागला, तसा आमच्यातला एक तरुण तो पकडायला हात वर करून धावला. बोटीवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, हर्णैचा होता. त्याने त्या पोराची कॉलर धरून त्याला मागे खेचले आणि ओरडला, “आधी त्याला डेकाला टेकू दे!” पंखे फिरत असताना हेलिकॉप्टरच्या अंगावर वीज साचते. हुक आधी लोखंडाला किंवा पाण्याला टेकला तर ती उतरते, नाहीतर पकडणारा माणूस झटक्याने आडवा होतो. हुक टेकला, बारीकसा ‘चट्’ असा आवाज झाला, आणि मग आम्ही स्ट्रेचर अडकवले. बोट दोन्ही बाजूंना झुलत होती, तरी ते स्ट्रेचर कठड्याला एकदाही आपटले नाही. विंचवरच्या त्या माणसाचे नाव मला कधीच कळले नाही, पण असा हात बसायला वर्षे लागतात.

आता ब्रिटनकडे येतो. तिथे लष्करी हेलिकॉप्टरे बचावकार्यात आली ती पन्नासच्या दशकात, आणि ती मूळात सामान्य नागरिकांसाठी आलेलीच नव्हती. समुद्रात पडलेल्या स्वतःच्या वैमानिकांना उचलून आणणे हे त्यांचे पहिले काम होते. मच्छीमार, गिर्यारोहक, पुरात अडकलेले लोक हे नंतरचे. पुढे लष्करी विमाने पडण्याचे प्रमाण घटले, नागरिकांना वाचवण्याचे काम वाढत गेले, आणि ऐंशीच्या दशकापासून काही तळ नागरी कंपन्यांकडे देण्यात आले. शेटलंड बेटांवरील सम्बरो येथील तळ १९८३ पासूनच कंपनीच्या हेलिकॉप्टरांवर चालत होता. म्हणजे २०१५ साली एका रात्रीत खासगीकरण झाले हे चित्र खरे नाही. तीस वर्षे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या आणि एकमेकींच्या मापाने मोजल्या गेल्या.

संपूर्ण सेवा खासगी करण्याचा पहिला प्रयत्न तर फसला होता. एका कंपनीसमूहाला द्यायचे ठरलेले कंत्राट निविदा प्रक्रियेत गैरप्रकार उघड झाल्यामुळे फेब्रुवारी २०११ मध्ये रद्द करावे लागले. त्यानंतर मार्च २०१३ मध्ये ब्रिस्टो कंपनीला सुमारे १६० कोटी पौंडांचे कंत्राट मिळाले. १० तळ आणि २२ हेलिकॉप्टरे. एप्रिल २०१५ पासून एकेक तळ हस्तांतरित होत गेला आणि हवाई दलाचा शेवटचा बचाव तळ, डेव्हनमधला चिव्हनर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद झाला. ज्या पिवळ्या सी किंग हेलिकॉप्टरांवर राजपुत्र विल्यम यांनीही तीन वर्षे वैमानिक म्हणून काम केले, ती इतिहासजमा झाली.

वाचकबंधूंनी इथपर्यंतची गोष्ट सांगितली आहे. त्यांनी न सांगितलेला भाग असा की, ब्रिटिश सरकारने विमाने, वैमानिक आणि दुरुस्ती बाहेरून घेतली, पण हुकूम देण्याचा अधिकार विकला नाही. कुठले हेलिकॉप्टर कुठे जाईल हे कंपनी ठरवत नाही, तटरक्षक खात्याचा समन्वय कक्ष ठरवतो. हेलिकॉप्टरवर नावही तटरक्षक खात्याचेच असते. शिवाय सूचना आल्यावर दिवसा १५ मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत उड्डाण झाले पाहिजे, असे बंधन या कंत्राटात होते. महिनाभर एकही फोन आला नाही तरी कंपनीला सज्ज राहण्याचे पैसे मिळतात. ज्याला वाचवले त्याच्याकडून एक पेनीही घेतली जात नाही.

स्वस्ताईचे म्हणाल, तर साधा भागाकार करून पाहावा. कंत्राटाची मुदत ढोबळमानाने दहा वर्षे धरली, तर एका तळाला वर्षाला सरासरी १ कोटी ६० लाख पौंड पडतात. आजच्या विनिमय दराने हे दीडशे कोटी रुपयांहून अधिक झाले, आणि तेही एकाच तळाचे. सज्जता विकत घ्यायची तर ती इतकी महाग पडते, मग देणारा कोणीही असो. सरकारी सेवेत हाच खर्च पगार, इंधन, सुटे भाग, हँगर अशा वेगवेगळ्या शीर्षांखाली विखुरलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. खासगीकरणाचा खरा फायदा कुठला असेल तर हा, की सगळा खर्च एका पावतीवर येतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती ब्रिटनमध्येही पुरेशी बोलली गेली नाही. कंपनीने सुरुवातीला जे वैमानिक आणि विंचमन (दोरावरून खाली उतरणारे) घेतले, त्यांतले बरेचसे हवाई दल आणि नौदलातून आलेले होते. त्यांचे शिक्षण सरकारी पैशाने झालेले, त्यांची रात्रीच्या उड्डाणांची वर्षे सरकारी इंधनावर गेलेली. विहीर सरकारने खणली आणि मोट कंपनीने चालवली. पहिल्या दहा वर्षांत याने काही बिघडत नाही. पण लष्कराने हे काम कायमचे सोडल्यावर पुढच्या पिढीचा विंचमन कुठे तयार होणार? जुलै २०२२ मध्ये दुसरे कंत्राट निघाले, तेही साधारण तेवढ्याच रकमेचे, आणि तेही त्याच कंपनीला मिळाले. पहिल्या कंत्राटात जमवलेली माणसे, तळ आणि अनुभव पाठीशी असलेल्या कंपनीशी बाहेरच्याने स्पर्धा कशी करावी, हा प्रश्न निविदेच्या नियमांनी सुटत नाही.

शेजारच्या आयर्लंडची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण त्या देशाने दोन्ही पद्धतींत माणसे गमावली आहेत. जुलै १९९९ मध्ये आयरिश हवाई दलाचे डॉफिन हेलिकॉप्टर एका छोट्या बोटीच्या शोधाची कामगिरी आटोपून परतताना धुक्यात ट्रामोरजवळ वाळूच्या टेकडीवर आदळले आणि चौघे गेले. त्या हेलिकॉप्टरच्या वॉटरफर्ड तळावरची चोवीस तासांची सेवा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. पुढे हे काम कंपनीकडे गेले. १४ मार्च २०१७ च्या पहाटे कंपनीचे ‘रेस्क्यू ११६’ हे हेलिकॉप्टर मेयो परगण्याच्या किनाऱ्याजवळ ब्लॅकरॉक नावाच्या खडकाळ बेटावर आदळले. पुन्हा चौघे गेले. त्या बेटावर दीपगृह आहे, तरी हेलिकॉप्टरमधल्या धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्राच्या नकाशात त्या बेटाची नोंदच नव्हती. चौकशीचा अहवाल यायला साडेचार वर्षे लागली. त्याने कंपनीच्या कार्यपद्धतीवर ताशेरे ओढले आणि सोबत हेही नोंदवले की, या उड्डाणांवर देखरेख करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याबद्दल सरकारी पातळीवरच स्पष्टता नव्हती. कंत्राट दिले म्हणजे जबाबदारीही दिली, अशी समजूत सरकारी खात्यांत फार लवकर रुजते.

रेस्क्यू ११६ त्या रात्री कशासाठी निघाले होते हे वाचले, तेव्हा मी पेपर खाली ठेवला होता. दूर समुद्रात एका मच्छीमाराचा अंगठा तुटला होता. त्याला आणायला दुसरे हेलिकॉप्टर चालले होते, आणि त्याला सोबत म्हणून हे निघाले होते. मला आठवण झाली ती २७ जुलै २००५ ची.

त्या दिवशी मी सुट्टीवर, उरणला घरी होतो. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडाली होती, फोन लागत नव्हते. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळणे शक्य नव्हते, म्हणून उपचारांसाठी त्याला क्रेनच्या बास्केटमधून मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. त्यासाठी जहाज प्लॅटफॉर्मच्या अगदी जवळ आणावे लागले. स्वयंपाकी सुखरूप वर पोहोचला, पण त्यानंतर जहाज प्लॅटफॉर्मच्या पायाशी असलेल्या तेलवायूच्या नळीवर आदळले, गळती झाली आणि भडका उडाला. दोनेक तासांत प्लॅटफॉर्म उरला नाही. २२ माणसे गेली, ३६२ वाचली, आणि त्यांना पाण्यातून व बोटींवरून गोळा करायला पंधरा तास लागले. खाली जहाजावर दाबाच्या कोठडीत असलेल्या पाणबुड्यांना तर आणखी थांबावे लागले. जाळ वर आणि ते आत. खोल पाण्याच्या दाबात राहिलेल्या माणसाचा दाब हळूहळूच उतरवावा लागतो, त्यामुळे त्यांना लगेच बाहेर काढणे शक्यच नव्हते.

त्या दिवशी हेलिकॉप्टर खासगी असते तर उडाले असते किंवा सरकारी असते तर उडाले असते, असे मी मुळीच म्हणत नाही. तसल्या हवेत ते कोणाचेही उडाले नसते, असे म्हणणाऱ्या जाणत्या वैमानिकांवर माझा विश्वास आहे. माझे म्हणणे इतकेच की, दोन बोटांच्या जखमेला वेळेवर हेलिकॉप्टर न मिळण्याची किंमत कुठपर्यंत जाऊ शकते, हे एका फेरीच्या बिलावरून ठरवता येत नाही.

फेरीवर पैसे देण्याचे काय होते, ते पाहायला फार लांब जायला नको. नेपाळमध्ये बचावाची हेलिकॉप्टरे खासगी आहेत आणि पैसे उड्डाणामागे मिळतात, बहुतेक वेळा परदेशी गिर्यारोहकाच्या विम्यातून. परिणाम असा झाला की, किरकोळ डोकेदुखीलाही हेलिकॉप्टर बोलावले जाऊ लागले, एकाच फेरीची बिले अनेकांच्या नावावर लागू लागली, आणि गिर्यारोहकांना मुद्दाम आजारी पाडले जाते असे आरोपही झाले. २०१८ साली नेपाळ सरकारला त्याची चौकशी करावी लागली. आपल्याकडून एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि अन्नपूर्णेला जाणारे मराठी ट्रेकर दरवर्षी वाढत आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या देशात केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा बचावाची नव्हे, प्रवासाची. पण तिथेही जितक्या फेऱ्या तितका धंदा हेच गणित आहे. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ पडलेल्या हेलिकॉप्टरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे कुटुंब होते, त्यात एक लहान मूलही होते. डोंगरात ढग उतरले की थांबायचे, हे प्रत्येक वैमानिकाला ठाऊक असते. थांबण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

याउलट स्वित्झर्लंडची ‘रेगा’ पाहा. ती सरकारी नाही आणि नफ्यासाठी चालणारी कंपनीही नाही. १९५२ साली सुरू झालेली ही धर्मादाय संस्था ३५ लाखांहून अधिक वर्गणीदारांच्या पैशांवर उभी आहे. वर्गणी आधी भरायची, हेलिकॉप्टर कधी लागलेच तर ते येणार. तिचे वैमानिक दुर्घटना होण्याची वाट पाहत नाहीत, कारण त्यांचा पगार दुर्घटनेवर अवलंबून नाही. नॉर्वेत हेच काम आजही मुख्यतः हवाई दलाची ३३० वी तुकडी करते आणि तिच्या कामाबद्दल तिथल्या मच्छीमारांत आदर आहे. ब्रिटनमध्ये कंपनी, स्वित्झर्लंडमध्ये धर्मादाय संस्था, नॉर्वेत फौज. या तिन्ही ठिकाणी मालक वेगळे आहेत, पण तिथे सज्ज राहण्याचा मोबदला आधीच ठरलेला आहे.

आता आपल्या समुद्राकडे. १९७७ पासून तटरक्षक दल आहे. सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरच्या सागरी शोध-बचाव क्षेत्राचे समन्वयन त्याच्याकडे आहे, आणि मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) येथे त्याची समन्वय केंद्रे आहेत. हाक आल्यावर तटरक्षक दल आणि नौदल हे दोघेही येतात. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ या बार्जवर (कामगारांच्या राहण्याच्या सपाट तळाच्या नौकेवर) २६१ माणसे होती. १७ मेच्या संध्याकाळी ती बुडाली, तेव्हा त्या अंधारात आणि लाटांत प्रथम पोहोचल्या त्या ‘आयएनएस कोची’सारख्या युद्धनौका. खलाशांनी बाजूने जाळी सोडून माणसे ओढून घेतली. हेलिकॉप्टरे वारा उतरल्यावर आली, आणि दुसऱ्या एका बार्जवरच्या १३७ जणांना उचलण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अशा रात्री कंपनीच्या वैमानिकाला ‘जा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल? आणि त्याने नकार दिला तर तो चुकीचा ठरेल का? कंपनीच्या नोकरीत धोक्याची मर्यादा कराराने ठरते. फौजेत ती निराळ्या रीतीने ठरते, आणि म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ ‘हरि लीला’ टँकरवरच्या जखमीला आणायला निघालेले तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात पडून तिघे गेले, हे सांगताना माझा हात जड होतो.

वाचकबंधूंच्या बाजूने सर्वांत जड मुद्दा माझ्या मते पुढचा आहे, पण त्यांनी तो मांडला नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच धावपट्टीवर आणखी एक ध्रुव पडले, तिघे गेले, आणि देशभरातली सगळी ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर बसवावी लागली. नौदल व तटरक्षक दल यांच्या वाट्याची तर महिनोन्महिने बसून राहिली. एकाच जातीच्या यंत्रावर सगळी सरकारी सेवा उभी केली, की एका भागातल्या दोषाने सगळा किनारा उघडा पडतो. किनाऱ्याजवळच्या कामांसाठी दुसऱ्या जातीची, कराराने बांधलेली दोन-चार नागरी हेलिकॉप्टरे हाताशी असती, तर त्या महिन्यांत त्यांचा उपयोग झाला असता. हे मी खुल्या मनाने मान्य करतो.

परंतु सरकारी म्हणजे सुरक्षित आणि खासगी म्हणजे घातक, अशी सोपी वाटणीही नाही. पवन हंस ही सरकारी कंपनी आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले तिचे हेलिकॉप्टर डहाणूसमोर समुद्रात पडले आणि सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ दुसरे पडले, नऊपैकी चौघे गेले. वाचलेल्या पाचांना उचलले ते रिगच्या आणि जवळच असलेल्या पुरवठा जहाजाच्या माणसांनी. त्याच सुमारास ही कंपनी खासगी समूहाला विकण्याचे घाटत होते, ते २०२३ मध्ये बारगळले. विकली असती तर त्या अपघातांत काय फरक पडला असता, हे मला सांगता येणार नाही. पण पाण्यात पडल्यावर माणसाला काय करावे लागते, ते सांगू शकतो. आम्हाला त्याचे प्रशिक्षण असे. तलावात एक लोखंडी खोका सोडतात आणि पट्टे बांधून बसलेल्या माणसांसकट तो उलटा करतात. नाकात पाणी, वर-खाली कळत नाही. एक हात खिडकीच्या कडेवरून सुटू द्यायचा नाही, कारण हात सुटला की खिडकी सापडत नाही. दुसऱ्या वेळी माझा हात सुटला होता. पाणबुड्याने बखोट धरून बाहेर काढले. अरबी समुद्रात तसा पाणबुड्या नसतो.

आणखी एक अनुभव सांगतो, जागा आणि नावे न देता. आमच्या प्लॅटफॉर्मवर एका रिगरच्या (जड सामान दोरांनी बांधून उचलणाऱ्या कामगाराच्या) छातीत कळ आली. परिचारकाने लगेच सांगितले, याला किनाऱ्यावर न्या. हेलिकॉप्टर तळावर उभे होते, वैमानिक हजर होते, हवा स्वच्छ होती. पण तो रिगर उपकंत्राटदाराचा होता. उड्डाणाचा खर्च मुख्य कंपनीच्या खात्यात टाकायचा की उपकंत्राटदाराच्या, हे ठरवायला पावणेदोन तास गेले. मी तेव्हा रेडिओपाशी बसून होतो, आणि दर दहा मिनिटांनी तेच उत्तर ऐकत होतो : “पेपर येऊ द्या.” रिगर वाचला, म्हणून त्याची चौकशी झाली नाही. दोष खासगी वैमानिकाचा नव्हता, तळावरच्या बाबूचाही नव्हता. आणीबाणीत बिल कोणाचे, याचे कलमच करारात नव्हते. हेलिकॉप्टर सरकारचे असते तरी त्याच जागी एखादी फाइल असती.

म्हणून मला जे वाटते ते असे. समुद्रातल्या बचावाचा कणा तटरक्षक दल आणि नौदल हाच राहावा, आणि त्याच्या जोडीला, किनाऱ्याजवळच्या कामासाठी व सह्याद्रीतल्या दुर्गम वाड्यांसाठी, कराराने घेतलेली नागरी हेलिकॉप्टरे असावीत. इर्शाळवाडीच्या वेळी, जुलै २०२३ मध्ये, हवाई दलाची हेलिकॉप्टरे तयार असूनही ढगांमुळे उडू शकली नाहीत. त्यामुळे डोंगरात हेलिकॉप्टरने सगळे भागेल असा भ्रमही नको. तिथे दोर आणि दिवटी घेऊन चिखलात चढणारे स्थानिक बचाव गटच पहिले पोहोचतात, आणि त्यांना साधे वॉकीटॉकी देतानाही शासनाची तारांबळ उडते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. नागरी हेलिकॉप्टरे घ्यायची तर त्यांना महिन्याचे ठरलेले पैसे सज्ज राहण्यासाठी द्यावेत, उड्डाणाच्या तासाचा दर फक्त इंधन आणि झीज भरून निघेल एवढाच असावा, हुकूम तटरक्षक दलाच्या मुंबईतल्या समन्वय केंद्राचाच चालावा, आणि विंचच्या सरावाचे तास करारात लिहून त्याची तपासणी त्रयस्थाकडून व्हावी. सरकारी असो की खासगी, हाक आल्यापासून उड्डाण होईपर्यंतचा वेळ दर महिन्याला जाहीर व्हावा. आज आपण लोकलच्या उशिरावर तासन्‌तास बोलतो, कारण स्टेशनवर घड्याळ असते. बचावाच्या हेलिकॉप्टरचे घड्याळ लोकांना दिसतच नाही, मग कोण वेळेवर आले आणि कोण उशिरा, यावर आपण भांडणार तरी कशाच्या आधारावर?

आणि वाचवलेल्या माणसाकडून पैसे कधीही घेतले जाऊ नयेत. करंजा, सातपाटी, मिरकरवाडा इथल्या होडीवाल्याला मदत मागण्याआधी खिसा चाचपायला लागला, तर तो आणखी तासभर स्वतःच बोट सोडवायचा प्रयत्न करील. समुद्रात त्या तासाचे काय होते, ते त्या बंदरांतल्या बायकांना विचारावे.

वाचकबंधूंना आणखी काही माहिती हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत जरूर कळवावे. माझ्याजवळ जुन्या नोंदवह्या आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त सागरी कर्मचारी, उरण
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)

ता. क. — समुद्रात अडचणीत सापडल्यास तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. पत्र छापताना जागेअभावी काही गाळावे लागले तरी चालेल, पण हा क्रमांक गाळू नये.